पेरूत मिशनवर गेलेल्या मुलाचा आठवडा

सॉल्टलेककर (धागाकर्ती)

आम्ही युटामध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची आहेत. इथे मुलगा बारावीला आला की कॉलेज कुठलं या प्रश्नाच्या पाठोपाठ मिशनला, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचाराला, कधी निघणार हेही विचारलं जातं. शेजारचा मुलगा असाच निघाला आणि सध्या पेरूची राजधानी लिमा, तिच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवरच्या वस्तीत आहे. दर सोमवारी तो घरी सविस्तर पत्र लिहितो. ते नातेवाईक, मित्र, शेजारी अशा मोठ्या यादीला जातं आणि त्या यादीत आम्हीही आहोत. त्याच्या आईला विचारून, नाव न देता, हा धागा काढते आहे. पांढरा शर्ट, छातीवर काळी पाटी, जोडीने फिरणारी ही मुलं अनेकांनी पाहिली असतील. त्यांचा आठवडा आतून कसा असतो हे मात्र मराठीत वाचल्याचं आठवत नाही, आणि मला तो मांडण्यासारखा वाटतो.

थोडी पार्श्वभूमी. हे चर्च जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलं. मिशनवर मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. पूर्वी वयाची अट मुलग्यांना १९ आणि मुलींना २१ होती. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ती १८ आणि १९ वर आणली आणि जाणाऱ्यांची, त्यातही मुलींची, संख्या एकदम वाढली. देश किंवा भाषा निवडता येत नाही. अर्ज, डॉक्टरांची आणि दातांची तपासणी, मुलाखती हे सगळं झालं की नेमणूक कळते. याला पेरू आलं. शाळेत शिकलेलं जुजबी स्पॅनिश गाठीशी होतं, तेवढ्यावर मेक्सिको सिटीच्या प्रशिक्षण केंद्रात सहा आठवडे काढले. तिथे पूर्वी चर्चचीच एक मोठी शाळा होती, २०१३ मध्ये ती बंद करून हे केंद्र सुरू झालं.

आठवडा सुरू होतो सोमवारी, त्याला ते तयारीचा दिवस म्हणतात. सुट्टी म्हणावी असा हा एकच दिवस, तोही संध्याकाळी सहापर्यंत. कपडे धुणं, खोली झाडणं, बाजार, केस कापणं, घरी पत्र आणि घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. शेजारणीचा थोरला मुलगा त्या जुन्या नियमात गेला होता. मातृदिनाच्या फोनवर काय काय विचारायचं याची यादी ती महिनाभर आधीपासून फ्रिजवर लावून ठेवायची. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो आणि धाकट्याचा चेहरा दिसतो, तब्येत कळते. मला हा बदल फार चांगला वाटतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला घरापासून इतकं तोडण्यात काय साधत होतं, ते मला कधीच पटलं नव्हतं.

लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही. तरी जून ते ऑक्टोबर आकाश राखाडी असतं आणि समुद्रावरून गारुआ नावाचं बारीक, ओलं धुकं येतं. सोमवारी धुतलेला शर्ट बुधवारीही दमट लागतो. त्या महिन्यांतल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात शर्टांचा विषय असतोच. सोमवारच्या जेवणात मसूर ठरलेले. पेरूत अशी समजूत आहे की सोमवारी मसूर खाल्ले की पैसा टिकतो. जेवण असतं पेन्सिओनिस्ताकडे. वस्तीतली एखादी बाई ठरावीक पैशांत या मुलांना रोज जेवू घालते, आपल्याकडच्या घरगुती मेससारखंच. तिच्याबद्दल त्याने जितक्या मायेने लिहिलं आहे तितकं क्वचितच कुणाबद्दल लिहिलं असेल. आजारी पडला तेव्हा तिने भाताची पेज करून खोलीवर पाठवली, आणि तो डोंगर चढून उशिरा आला तरी ताट झाकून ठेवलेलं असतं.

बाकीच्या दिवसांचा साचा ठरलेला. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग ग्रंथाचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास, भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर. दुपारचं जेवण हे तिथलं मुख्य जेवण. रात्री नऊ-साडेनवाला खोलीवर परत, साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातून एकदा आसपासच्या चार-पाच जोड्यांची बैठक आणि एकदा पुढच्या आठवड्याची आखणी, म्हणजे कुणाला भेटायचं, कुणाकडे पुन्हा जायचं, कोण आजारी आहे.

सगळ्यात अवघड काय, असं आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, जोडीदार. मिशनमध्ये एकट्याने फिरायची परवानगी नसते. न्हाणीघर सोडलं तर जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. तो आपण निवडायचा नसतो. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते आणि कधी आपण जातो, कधी तो. याचा पहिला जोडीदार, ज्याने त्याला शिकवलं, तो आयाकुचोकडचा पेरूचाच मुलगा. घरी केचुआ ही तिथली मूळ भाषा बोलणारा. सुरुवातीला दोघांत समान भाषा फार थोडी. भांडण झालं तर त्याच खोलीत झोपायचं, सकाळी त्याच टेबलाशी बसून अभ्यास करायचा आणि त्याच्याबरोबरच दुसऱ्याच्या दारात उभं राहून शांतीबद्दल बोलायचं. एका पत्रात त्याने लिहिलं होतं की दुपारी दोघे एकमेकांशी अवाक्षर न बोलता डोंगर चढले, आणि वरच्या घरातल्या आजींनी दोघांचे चेहरे बघून आधी त्यांनाच बसवून भांडण काय ते सांगायला लावलं.

मंगळवार ते शनिवार दुपारी दारं ठोठावण्यात फारसा अर्थ नसतो, माणसं कामावर किंवा बाजारात असतात. खरं काम संध्याकाळी पाच ते आठ. बहुतेक दारं उघडत नाहीत, किंवा उघडून "आम्ही कॅथलिक आहोत, धन्यवाद" म्हणून मिटतात. जी उघडतात तिथे माणसांना आपलं सांगायचं असतं. नवरा काम शोधायला चिलीला गेलाय, मुलगी बोलत नाही, गुडघे दुखतात. पहिले काही महिने याला निम्मंही कळत नव्हतं. तरी लोक बोलत राहिले, कारण तो बसून ऐकत होता. शनिवारी बऱ्याचदा अंगमेहनत असते. तिथली घरं एकेक मजला करत वाढतात, वरच्या मजल्यासाठी गजांची टोकं छतावर उभी सोडलेली असतात. कुणाचा स्लॅब पडायचा असला की सगळी आळी जमते आणि ही दोघं काँक्रीटच्या बादल्या वाहतात. आपल्या गावाकडे हे पाहिलेल्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

रविवारी दोन तासांचं चर्च. सकाळी लवकर निघून ज्यांनी येतो म्हटलंय त्यांच्या घरी हाक मारत जायचं. निम्मे येत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. स्थानिक चर्चला पगारी धर्मगुरू नसतो, बिशप हा वस्तीतलाच कुणी शिक्षक किंवा सुतार असतो आणि तो ते काम बिनपगारी करतो, हे मला इथे राहूनही उशिरा कळलं.

आम्ही हिंदू आहोत, त्यांच्या धर्मात जायचा प्रश्न नाही आणि त्यांनीही कधी आग्रह केला नाही. पण हा मुलगा मी लहानपणापासून पाहिला आहे. कुणी बोलायला लागलं की अर्ध्यात तोडून आपलं सुरू करायचा. आता व्हिडिओवर आमच्याशी बोलताना तो प्रश्न विचारतो आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतो. मला वाटतं हे उपदेशाच्या अभ्यासाने घडलेलं नाही, त्या संध्याकाळच्या दारांनी आणि त्या जोडीदाराने घडवलं आहे.

खडूफळा

फार सुंदर लिहिलंय ताई. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. माझ्या वर्गात एकदा असा मिशन करून आलेला अमेरिकन मुलगा पाहुणा म्हणून आला होता. त्याचं व्याकरण मध्येमध्ये घसरत होतं, पण कुठल्याही वयाच्या माणसाशी त्याला बोलता येत होतं, आणि हे आमच्या परीक्षा पास झालेल्या मुलांना जमत नाही. कारण तुमच्या लेखातच आहे. रोज तेच चार विषय, पण दर वेळी नवीन माणसाला, आणि समोरचा काय बोलेल ते आधी ठाऊक नाही. वर जोडीदार तिथलाच असला तर स्वयंपाकघरापासून भांडणापर्यंत सगळं त्याच भाषेत.

तो सगळ्यांना उस्तेद म्हणतो का? म्हणजे आपलं अहो-जाहो? लहान मुलांनाही?

सॉल्टलेककर

हो, मिशनरी सगळ्यांना उस्तेदच म्हणतात, जोडीदारालाही. आणि एकमेकांची पहिली नावं घेत नाहीत. मुलग्याला एल्देर आणि आडनाव, मुलीला एर्माना आणि आडनाव. त्याची धाकटी बहीण फोनवर त्याला मुद्दाम घरच्या नावाने हाक मारते.

तटस्थ

लेख आवडला, पण एक बाजू राहिली आहे असं वाटतं म्हणून स्पष्ट लिहितो.

जिथे सगळी गल्ली एकाच पंथाची आहे तिथे अठराव्या वर्षी "जायचं की नाही" हा प्रश्न कितपत मोकळा असतो? मी युटात शिकायला होतो. माझा रूममेट तीन-चार महिन्यांत परत आला होता, चिंतेचा त्रास होत होता. लोक त्याला काही बोलायचे नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागायचं. "दोन वर्षं पूर्ण केली" हे वाक्य तिथे लग्नाच्या बोलण्यांतही येतं.

दुसरं, पेरूतच हे जास्त टोचतं. मॉर्मन ग्रंथ सांगतो की प्राचीन काळी जेरुसलेमहून आलेल्या लोकांचे वंशज अमेरिकेत वसले. १९८१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे 'मुख्य पूर्वज' म्हटलं होतं. २००७ च्या सुमारास ते बदलून 'पूर्वजांपैकी' असं केलं. जनुकीय अभ्यास तर सगळे आशियाकडेच बोट दाखवतात. आयाकुचोच्या आजींना त्यांचे पूर्वज कोण होते हे युटाहून आलेला मुलगा सांगणार, यात मला मोठा प्रश्न दिसतो. याच चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य १९७८ पर्यंत मिळत नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

मुलाच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. पण व्यवस्थेबद्दल बोलायला हवं.

कृष्णाकाठ

तटस्थ यांना +१. आपल्याकडे धर्मांतर हा विषय किती नाजूक आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र लेख धर्मांतराचा प्रचार करत नाही, एका मुलाचा आठवडा सांगतो. कृपया धागा भरकटवू नका.

पूर्वी_लिमात

मी नोकरीनिमित्त काही वर्षं लिमात होते. तटस्थ यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर, तिथे पाहिलेलं सांगते.

दक्षिणेकडच्या या वस्त्या रिकाम्या वाळूवर वसलेल्या आहेत. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध व्हिया एल साल्व्हादोर, १९७१ साली जमिनी धरून बसलेल्या हजारो कुटुंबांना तिथे हलवलं तेव्हा वसली. पाणी नाही, वीज नाही, झाड नाही. लोकांनी गट करून, गल्लीगल्लीची समिती करून ते गाव उभं केलं आणि १९८७ मध्ये त्याला स्पेनचा प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार मिळाला. पुढे आयाकुचो भागात शायनिंग पाथ हा सशस्त्र माओवादी गट आणि लष्कर यांच्यामध्ये सापडलेली कुटुंबं पळून लिमात आली. सत्यशोधन आयोगाने २००३ च्या अहवालात त्या संघर्षातल्या मृत आणि बेपत्ता माणसांचा अंदाज ६९ हजारांच्या वर दिला, आणि त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा केचुआ किंवा तशीच दुसरी मूळ भाषा होती. व्हिया एल साल्व्हादोरमध्येच मारिया एलेना मोयानो या कार्यकर्तीला १९९२ मध्ये शायनिंग पाथने मारलं.

हे सांगायचं कारण, त्या टेकडीवरच्या आजींना त्यांचे पूर्वज कोण हे पक्कं माहीत असतं. त्या चर्चमध्ये जात असतील तर वंशावळीसाठी जात असतील असं मला वाटत नाही. माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई आधी कॅथलिक होत्या, मग इव्हँजेलिकल चर्चमध्ये गेल्या, मग मॉर्मन. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिथे नवरा दारू सोडतो. या चर्चमध्ये दारू, तंबाखू, चहा, कॉफी सगळं वर्ज्य आहे. घरात पगार पूर्ण येतो हा त्यांच्या लेखी मोठा चमत्कार होता. आणि रविवारी भाषण करायला त्यांनाही बोलावलं जायचं. आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले, हे त्या मला दोनदा तरी सांगून गेल्या.

ही मुलं मी रोज पाहायची. पिवळ्या रंगाच्या लांबच लांब पायऱ्या चढून जाताना, हातात पाण्याची बाटली. लोक त्यांना ग्रिंगो, म्हणजे गोरे परदेशी, म्हणून हाका मारायचे, पण त्यात निम्मी तर पेरू, बोलिव्हिया, एक्वादोरचीच असायची.

सॉल्टलेककर

तटस्थ, तुमचे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत आणि ते इथे आले ते बरं झालं. दबाव आहे. आमच्या गल्लीत अर्ध्यातून परत आलेली एक मुलगी आहे. तिची आई माझ्याकडे येऊन बोलते, कारण मी त्यांच्यातली नाही. त्या मुलीला काही तरी विचारायला लोक कचरतात आणि तिला तो शांतपणा सहन होत नाही, अगदी तुमच्या रूममेटसारखं. चर्चने अलीकडे घराजवळ राहून सेवा करण्याचा पर्याय ठळकपणे पुढे आणला आहे, तिने तोच घेतला. एका अन्नपेढीत काम करते आणि खूश आहे.

वंशाच्या प्रश्नावर मुलाला विचारलं नव्हतं. त्याच्या आईशी बोलले. ती म्हणाली की तिच्या पिढीला शाळेसारखं पाठ होतं ते, तिची मुलं त्यावर फारसं बोलत नाहीत.

पूर्वी_लिमात, तुमच्या बाईंचं कारण वाचून त्या पत्रांतली बरीच घरं मला नव्याने कळली.

वसईवाला

आम्ही वसईचे कॅथलिक. माझी आत्या सिस्टर आहे आणि तिचं बहुतेक आयुष्य दक्षिण अमेरिकेत गेलं. मदर तेरेसांच्या संस्थेचं भारताबाहेरचं पहिलं घर १९६५ मध्ये व्हेनेझुएलात कोकोरोते इथे निघालं, त्यानंतर भारतातल्या कितीतरी सिस्टर त्या खंडात गेल्या. आत्याची संस्था वेगळी, पण काळ तोच.

तिच्या आणि या मुलाच्या आठवड्यात मला मोठा फरक दिसतो. त्याला माहीत आहे की ठरलेल्या तारखेला विमानतळावर आईवडील फलक घेऊन उभे असतील. आत्याला परतीची तारीख नव्हती. ती काही वर्षांतून एकदा यायची, आणि आल्यावर आमच्या सामवेदी बोलीत बोलताना मध्ये स्पॅनिश शब्द यायचे. ती कुणाला धर्मात आणायला जात नव्हती, कारण तिथे सगळे कॅथलिकच. दवाखाना चालवायची. त्यामुळे "आम्ही कॅथलिक आहोत, धन्यवाद" म्हणून मिटणाऱ्या दाराच्या आतली बाजू मला ओळखीची वाटते. आत्या सांगायची, त्या मुलांना ती पाणी द्यायची, सावलीत बसवायची आणि त्यांचं पुस्तक मात्र घ्यायची नाही.

जुनी_कागदपत्रं

थोडं अवांतर, पण संबंध आहे. मॉर्मन मिशनरी महाराष्ट्रात फार पूर्वी येऊन गेले आहेत. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू फिंडले हा ब्रिटिश मिशनरी मुंबईत आणि मग पुण्याच्या छावणीत होता. छावणीतल्या अधिकाऱ्यांनी विरोध केला, तरी पुण्यात एक छोटी शाखा निघाली, मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांची. ती टिकली नाही.

त्याच्या खूप आधी, १८१३ मध्ये, दुसऱ्या पंथाचे अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले होते. त्यांची मंडळी इथे मराठी शिकली, शाळा काढल्या, छापखाना घातला, आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झालं. त्यांच्याकडे दोन वर्षांची मुदत नव्हती, त्यामुळे भाषेत खोल उतरले. हॉल इथेच, नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना १८२६ मध्ये पटकीने गेला. लिमातल्या मुलाला दर सहा आठवड्यांनी वस्ती बदलावी लागू शकते. माणसं ओळखीची होईपर्यंत निघायचं, हे मला त्या पद्धतीतलं सगळ्यात मोठं न्यून वाटतं.

मोगऱ्याचा_वेल

माझा मुलगा अठराचा आहे, म्हणून दोन व्यवहाराचे प्रश्न. खर्च कोण करतं? आणि सुरक्षिततेचं काय? मला तर एवढ्या लांब पाठवायचा धीर झाला नसता.

सॉल्टलेककर

खर्च मुलगा आणि त्याचं घर करतं. कुठल्याही देशात नेमणूक झाली तरी अमेरिकेतून जाणाऱ्याला दरमहा सारखीच रक्कम भरावी लागते, पूर्वी ४०० डॉलर होती, २०२० च्या जुलैपासून ५००. म्हणजे लिमाला गेलेल्याने आणि टोकियोला गेलेल्याने तेवढेच भरायचे. गरीब देशांतल्या मुलांना चर्चच्या निधीतून मदत मिळते. याने शाळेत असताना उन्हाळ्यात गवत कापून आणि पिझ्झा पोचवून बरीचशी रक्कम स्वतः जमवली होती.

सुरक्षिततेची काळजी खरी आहे. १९८९ मध्ये बोलिव्हियात ला पाझला युटाच्या दोन विशीतल्या मिशनऱ्यांना एका दहशतवादी गटाने गोळ्या घालून मारलं होतं. इथल्या मोठ्या पिढीच्या ते अजून लक्षात आहे. आता रात्री नऊनंतर बाहेर राहायचं नाही, काही गल्ल्या वर्ज्य, पोहायचं नाही, मोबाइलवर मोजकीच ॲप. याचा फोन एकदा रस्त्यात हिसकावला गेला, त्यापलीकडे काही झालेलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये पेरूने सीमा बंद केल्या तेव्हा मात्र इथल्या कितीतरी घरांनी विमानांची वाट पाहत रात्री काढल्या, शेजारणीच्या भावाचा मुलगा तिथे अडकलेल्यांत होता.

जुनी_कागदपत्रं, बदल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते त्यालाही वाटतं. शेवटच्या पत्रात तेच होतं. यादी आली, जोडीदार दुसरीकडे गेला, हा तिथेच राहिला. पेन्सिओनिस्ता बाईंनी निघणाऱ्या मुलासाठी आही दे गायीना केलं होतं, म्हणजे मिरचीच्या पिवळ्या रश्श्यातली कोंबडी. कुणाला कृती हवी असेल तर त्याने त्यांच्याकडून लिहून घेतली आहे. पिवळी मिरची आपल्याकडे मिळत नाही, तेवढा बदल करावा लागेल. पाककृती विभागात टाकते.

खडूफळा

टाका नक्की. शक्य असेल तर बाईंच्या शब्दांत, स्पॅनिशमध्येही द्या, वर्गात वाचून घेईन.